दिनविशेषात नसलेली तारीख

आमच्या परिपाठात रोज दिनविशेष असतो. 28 फेब्रुवारीला रामन यांचा शोध, 21 जुलैला चंद्रावरचं पहिलं पाऊल. एक मुलगा वाचतो, बाकीचे या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात. तुमच्या शाळेतही असंच असेल, हो ना?

एका 16 एप्रिलला मात्र गाडी अडली. 1853 साली याच दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी धावली. 14 डबे, तीन इंजिनं, सुमारे 400 पाहुणे, तोफांची सलामी... मी अगदी रंगवून सांगत होते. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग आपल्याकडं कवा आली?"

आता आमच्या कोनला रेल्वे स्टेशन नाही. भिवंडी-कल्याण रस्त्यावरचं हे गाव. दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण. म्हणजे आपलं स्टेशन तेच! तिथे गाडी पोहोचली 1 मे 1854 रोजी.

"बाई, महाराष्ट्र दिनाला!" सगळे एकदम ओरडले. मग बोटांवर हिशोब झाला. महाराष्ट्र राज्य झालं 1960 साली, म्हणजे गाडी त्याच्या 106 वर्षं आधीची. झेंडावंदन करून ज्या दिवशी तुम्ही निकाल हातात घेता, तोच हा दिवस बरं का.

पण ठाणे ते कल्याण जेमतेम वीस किलोमीटर. तेवढ्यासाठी आणखी एक वर्ष पंधरा दिवस का लागले? कारण वाटेत आडवी ठाण्याची खाडी आणि पुढे मुंब्र्याचे डोंगर. खाडीवर पूल बांधावा लागला, डोंगरात बोगदे खोदावे लागले. (आजचा लांबलचक पारसिक बोगदा तो नव्हे, तो 1916 चा.) गाडी डोंगर चढून का गेली नाही? लोखंडाचं गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर सपाटीला भराभर पळतं, चढावर घसरू लागतं. पुढे बोरघाटात जो चढ ठेवला तो 37 फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, एवढाच. आणि तोसुद्धा इंजिनांना भारी पडायचा! आम्ही मैदानात 37 फूट मोजून तिथे एका फुटाची काठी उभी केली. मुलांना तो चढ वाटेचना.

या कामाचे मुख्य अभियंता होते जेम्स बर्कले. त्यांचं नाव पुस्तकांत सापडतं. सुरुंग लावणाऱ्यांचं, खडी वाहणाऱ्या बायाबापड्यांचं नाव दिनविशेषात कधी येत नाही. मला ते खटकतं. मुलांना मी तसं सांगितलंही.

कल्याणहून पुढे रुळांना दोन फाटे फुटले, एक कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. म्हणून कल्याण जंक्शन झालं.

1 मे 2029 ला या गोष्टीला 175 वर्षं होतील. आमच्या तक्त्यावर ती तारीख मुलांनी लाल खडूने लिहिली आहे. शेजारी एक चौकोन कोरा सोडलाय. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात कोनगाव हे स्थानक आहे ना, त्याच्या पहिल्या गाडीची तारीख त्यात लिहायची आहे.