कुंदगोळची वाट

हुबळीहून बंगळूरच्या दिशेने निघालेली गाडी शहराची वस्ती मागे टाकते न टाकते तोच दोन्ही अंगांना काळ्या जमिनीचे विस्तीर्ण पट्टे दिसू लागतात. कापूस, मिरची, जोंधळा. नजर अडावी असा डोंगर नाही, मन रमावे अशी नदी नाही. थोड्याच वेळात कुंदगोळचे लहानसे स्टेशन येते. पूर्वी हा मुलूख जमखिंडीच्या पटवर्धन संस्थानात मोडत असे. गावात शंभुलिंगाचे प्राचीन देवालय आहे. परंतु संगीतप्रेमी प्रवासी वाट वाकडी करून येथे येतो तो नाडगीरांच्या वाड्यासाठी.

नाडगीर हे गाण्याचे दर्दी घराणे. किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांचे पाय या वाड्याला लागले. त्यांच्याच पायाशी बसून याच गावचे रामभाऊ गायक झाले आणि पुढे सवाई गंधर्व या नावाने मराठी रंगभूमीवर गाजले (१८८६–१९५२). त्यांच्या स्मरणार्थ वाड्यात संगीतोत्सव होऊ लागला. ओसरी, खांब, चौक यांकडे पाहताना एक जुना प्रश्न मनात उभा राहतो : माणूस कलेची वाट धरतो तरी कशासाठी? शाळेत पालक हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात. "मुलगा चित्रे बरी काढतो, गातोही, पण सर, पोटापाण्याचे काय?"

येथे शिकून गेलेल्या दोन शिष्यांची चरित्रे या प्रश्नावर बरेच काही सांगतात.

पहिले भीमसेन जोशी. जन्म १९२२ चा, बालपण गदगचे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका कानी पडली आणि असे गाता आले पाहिजे या ध्यासाने मुलगा झपाटला. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने घर सोडले. खिशात पैसा नाही, तिकीट नाही. डब्यातील उतारूंना गाणे ऐकवावे आणि मिळेल ते खावे. असा तो ग्वाल्हेरला पोचला आणि तेथील माधव संगीत विद्यालयात काही काळ शिकला. पुढे भटकत भटकत थेट जालंदर. तेथे विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितले की, तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व असताना तू इतक्या दूर कशाला आलास? ज्याच्यासाठी अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, तो गुरू गदगहून दोन मजलांवर होता! मात्र ही भटकंती व्यर्थ गेली असे म्हणवत नाही. आपल्याला नेमके काय हवे आहे, याची खूण त्या वणवणीतच पटली असावी.

१९३६ च्या सुमारास भीमसेन कुंदगोळला गुरुगृही राहू लागले. पाणी भरावे, पडेल ते काम करावे आणि गुरूंची मर्जी होईल तेव्हा शिकावे. तोडी, मुलतानी आणि पुरिया या तीन रागांवरच गुरूंनी त्यांच्याकडून दीर्घकाळ मेहनत करून घेतली. कीर्तीची शाश्वती नव्हती, मिळकतीची तर नव्हतीच. भारतरत्न लाभले ते २००८ साली. कावडीचे पाणी वाहणाऱ्या त्या पोराला ते कोठून दिसणार?

दुसऱ्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९). त्यांना घर सोडावे लागले नाही, गाणे घरातच होते. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गात. लेकीच्या हिंदुस्थानी गळ्यावर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे बाजूला ठेवले. गंगूबाईंच्या वाट्याला जातीवरून आणि 'गाणारी बाई' म्हणून अवहेलना आली. संसाराचा भारही त्यांच्यावरच होता, तेव्हा गाणे हीच त्यांची भाकरी होती. तरीही, केवळ भाकरीपुरते गाणे पूर्वीच येत असताना, सवाई गंधर्व कुंदगोळी स्थायिक झाल्यावर ही लेकुरवाळी बाई हुबळीहून आगगाडीने तालमीसाठी येत असे. एकेक स्वर घासून घेई, परतीची गाडी पकडी. पोटाच्या हिशेबात ही तालीम बसत नाही.

तेव्हा ध्यास आधी आणि उपजीविका मागाहून, असेच दोघांच्याही बाबतीत म्हणावे लागते. परंतु केवळ ध्यासावर गायक घडत नाही. अंबाबाईंनी आपले गाणे थांबवले, नाडगीरांनी वाडा मोकळा ठेवला. आणि गदगचे गुरुराज जोशी! ते पेशाने शिक्षक. कन्नड-इंग्रजी शब्दकोश रचणारे गृहस्थ. पळून गेलेल्या मुलाचा शोध घेत ते जालंदरपर्यंत गेले, त्याला घरी आणले आणि दावणीला न बांधता गुरूच्या स्वाधीन केले. शब्दामागून शब्द जमवत वर्षे घालवणाऱ्याला स्वरामागे लागलेला मुलगा कळला असेल, असे मला वाटते.

सर्वच मुलांना हा ध्यास नसतो आणि ज्यांना असतो त्या सर्वांचे भीमसेन होत नाहीत. त्यांच्या पोटापाण्याची हमी कोणताही शिक्षक देऊ शकणार नाही. पण कडक परीक्षा कोणती ते मात्र सांगता येते : टाळ्या वाजत नसताना, तीनच राग घोटताना, मुलगा टिकतो काय? टिकत असेल, तर पालकांनी गुरुराजांप्रमाणे जवळपासचा गुरू शोधावा. तो बहुधा वाटते त्यापेक्षा जवळच असतो.