वडिलांचा वेग

१/ 'लातूर पॅटर्न'साठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात वेगाला मोठा मान आहे. तिथल्या एका घरात मात्र मुलगा आपला लॅपटॉप मुद्दाम मंद करत होता. वडिलांना तरुणपणीचा एक खेळ खेळायचा होता.

२/ पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि तेव्हाचे अनेक खेळ त्या वेगालाच घड्याळ मानत. वेगवान यंत्रावर डाव क्षणात आटोपतो. म्हणूनच पुढच्या संगणकांवर वेग उतरवणारे 'टर्बो' बटण आले.

३/ ते काम आता डॉसबॉक्समधील 'सायकल्स' करतात. कंट्रोल-एफ११ दाबत मुलाने आकडा उतरवत नेला. त्याला खेळ रटाळ वाटू लागला, तेव्हाच वडिलांची बोटे अचूक पडू लागली.

४/ केवळ वस्तू जपल्याने भूतकाळ हाती लागत नाही; त्याची गतीही जपावी लागते.