पानाच्या आतली टिचबटणं

तिन्हीसांजेला कुणी जास्वंदीचं पान तोडायला गेलं की आजी हमखास ओरडते, "अरे, हात नको लावू, झाड झोपलंय!" मग आपण शाळेतलं ज्ञान पाजळतो. झाड झोपत नाही आजी, रात्रीसुद्धा श्वास घेतं! ते खरंच आहे. पण आजीचं म्हणणं उडवून लावू नका हं. पानात रात्री काहीतरी खरोखर बंद होतं. आणि गंमत म्हणजे, मोठ्या वर्गांच्या पुस्तकांतलं एक नाव वाचलं की नेमकं याच्या उलट वाटतं.

ते नाव म्हणजे 'अंधारातली अभिक्रिया', इंग्रजीत डार्क रिॲक्शन. पानाचा स्वयंपाक, म्हणजे प्रकाशसंश्लेषण, दोन टप्प्यांत चालतो हे ताईदादांना माहीत असेल. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडतं, पाण्याचे रेणू फोडतं, प्राणवायू बाहेर सोडतं आणि मिळालेली ऊर्जा एटीपी आणि एनएडीपीएच या दोन पदार्थांत भरतं. दुसऱ्या टप्प्यात ती ऊर्जा खर्चून कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार होते. कशी होते, ते अमेरिकेत बर्कली इथं मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी शेवाळावर प्रयोग करून शोधलं. कॅल्विन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिकही मिळालं. या दुसऱ्या टप्प्यात प्रकाशाचं थेट काम दिसत नव्हतं. झालं, चिकटलं नाव!

या नावापायी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा एक गुण गेला. ती चौथीत माझ्या वर्गात होती, आता अकरावीत आहे. एका शिकवणीवर्गाच्या चाचणीत प्रश्न होता, 'अंधारातली अभिक्रिया केव्हा होते?' हिनं लिहिलं, 'दिवसा.' त्यावर भली मोठी लाल फुली! पेपर घेऊन ती थेट माझ्या घरी आली.

"बाई, चौथीत आपण कुंडीतल्या जास्वंदीच्या पानाला काळ्या कागदाची पट्टी लावली होती, आठवतं? पट्टीखाली अंधारच होता ना? मग ही क्रिया अंधारातली असेल, तर तिथं स्टार्च का नाही झाला?"

आठवत होतं की! आधी कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, मग पट्टी लावून उन्हात. नंतर पान गरम स्पिरिटमध्ये घालून त्याचा हिरवा रंग काढायचा (हे काम मोठ्यांचं, बरं का!) आणि वर आयोडीन टाकायचं. पान निळंकाळं झालं आणि पट्टीखालचा भाग तसाच फिकट राहिला.

मी म्हटलं, "अगं, पट्टीखाली ऊर्जा भरलीच गेली नाही, तर साखर कशी होणार?"

"ते कळलं. पण समजा, ऊर्जा बाहेरून आणून दिली, तर होईल?"

प्रश्न फार चांगला होता. मी डी.एड. झालेली, चौथीपर्यंत शिकवणारी. कॉलेजात शिकणाऱ्या भावाचं जाडजूड पुस्तक मागवलं आणि आम्ही दोघींनी मिळून वाचलं. उत्तर असं आहे की, नुसती ऊर्जा देऊनही काम नीट चालणार नाही. कारण काम करणारेच बांधलेले असतात!

हे काम करणारे म्हणजे विकरं. विकर हे एक प्रकारचं प्रथिन. ते स्वतः न संपता रासायनिक क्रिया भराभर घडवून आणतं. साखर बनवणाऱ्या विकरांपैकी काही मोक्याच्या विकरांत गंधकाचे दोन अणू जवळजवळ असतात. अंधारात ते एकमेकांना धरून बसतात, फ्रॉकचं टिचबटण लागावं तसे. बटण लागलं की विकराचा आकार बदलतो आणि त्याचं काम अगदी मंदावतं किंवा थांबतं.

उजेड पडला की हरितद्रव्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. त्यातले बरेचसे एनएडीपीएच बनवायला जातात. पण काही इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात, विहिरीवरून घागरी देतात ना, तसे. आधी फेरेडॉक्सिन नावाच्या, लोह असलेल्या प्रथिनाकडे, मग एका विकराकडे आणि तिथून थायोरेडॉक्सिन नावाच्या छोट्याशा प्रथिनाकडे. हे थायोरेडॉक्सिन जाऊन बटणं उघडतं! ऊन गेलं की इलेक्ट्रॉन येणं थांबतं आणि थोड्या वेळात बटणं पुन्हा लागतात. बर्कलीच्याच बॉब बुकॅनन आणि सहकाऱ्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत पालकाच्या पानांवर (भाजीच्या हं, आईबाबांच्या नव्हे!) काम करून ही साखळी उलगडली.

एवढा खटाटोप कशासाठी? रात्री पान दिवसा साठवलेला स्टार्च मोडून खातं. त्याच वेळी साखर बनवणंही चालू राहिलं, तर एका हातानं विहिरीतून पाणी शेंदायचं आणि दुसऱ्या हातानं परत विहिरीतच ओतायचं, असं होईल. फुकटची दमणूक! म्हणून तर त्याच हरितलवकात साखर मोडणारं एक विकर असं आहे, की त्याचं बटण उघडलं की ते थांबतं आणि लागलं की कामाला लागतं. एकच किल्ली, पण दोन कुलपांत उलटी फिरणारी. मला तर हे वाचताना फारच मजा आली.

तुमच्यातला एखादा चौकस म्हणेल, "पण बाई, निवडुंग आणि पानफुटी तर रात्रीच कार्बन डायऑक्साइड घेतात!" बरोबर. पण त्या तो आम्लाच्या रूपात नुसता साठवून ठेवतात. साखर करायला त्यांनाही दिवसच उजाडावा लागतो.

हे सगळं तिनं एका कागदावर मुद्देसूद लिहिलं आणि सरांना नेऊन दाखवलं. भांडायला नाही, विचारायला. सरांनी कागद ठेवून घेतला. गुण अजून मिळालेला नाही. पण पुढच्या आठवड्यात सरांनी तोच कागद वर्गात वाचून दाखवला, असं तिनं सांगितलं. पालकहो, तुमच्या मुलांच्या पेपरावर अशी फुली दिसली, तर रागावण्याआधी 'असं का लिहिलंस?' एवढं जरूर विचारा.

जाताना तिनं आणखी एक शंका काढली. आंब्याखाली लावलेल्या हळदीवर ऊन कवडशांतूनच येतं. वारा आला की कवडसा हलला. मग दर वेळी बटणं उघडायची आणि लावायची का? तर नाही. अंधारातून आलेल्या पानाला पूर्ण वेग घ्यायला काही मिनिटं लागतात. पण एकदा जागी झालेली विकरं कवडसा सरकताच लगेच निजत नाहीत, थोडा वेळ तयारीत राहतात. तेवढ्यात दुसरा कवडसा आला, की पान त्याचा लगेच उपयोग करून घेतं.