वैमानिकाची सुट्टी

आम्हां शिक्षकांची सुट्टी म्हणजे कामाचा अभाव; वैमानिकाची सुट्टी ही पुढील उड्डाणाची तयारी होय. म्हणूनच भारतांत २०२४ सालीं सुधारलेल्या नियमांनीं साप्ताहिक विश्रांति ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. तथापि माणसें अपुरीं पडलीं, कीं सुट्टीच्या दिवशींच दूरध्वनि खणखणतो. आणि ‘येतां का?’ या विनंतीची आज्ञा केव्हां होते, तें कळतही नाहीं. डिसेंबर २०२५ मध्यें वैमानिकांचें नियोजन तोकडें पडून हजारों उड्डाणें रद्द झालीं, तेव्हां नियमांसच तात्पुरती मोकळीक द्यावी लागली. खोळंबलेल्या प्रवाशांचा संताप आम्हांस समजतो. परंतु थकलेल्या वैमानिकानें उच्चारलेलें ‘नाहीं’ त्याच प्रवाशांच्या जिवाचा पहारा करितें. तें उच्चारण्याची मुभा वेळापत्रकानें गिळूं नये.