मानमोडी

कोंबडीने मान टाकली की सुरीला धार लावायची, असा जुना रिवाज. अहमदपूरच्या आमच्या आत्याला तो मंजूर नाही.

तिच्या परसातल्या तांबडीला मानमोडी लागली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झालाही आपल्याकडे हेच नाव पडले होते. कोंबड्यांच्या मानमोडीला मात्र पशुवैद्य राणीखेत म्हणतात. मान पिळवटते, पाय लुळे पडतात, हिरवट हगवण लागते. आधी लस दिली तर रोग टळतो. एकदा जडला की त्यावर औषध नाही. पशुवैद्यांनी तपासून एवढे सांगितले. शेजारणींनी आठवण दिली ती २०२१ च्या जानेवारीची. तेव्हा तालुक्यातल्या केंद्रेवाडीत कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूच्या धास्तीने भोवतालचा १० किलोमीटरचा टापू सतर्क क्षेत्र ठरला होता.

आत्याने सर्वांचे ऐकले, आणि आपलेच केले. तांबडीला इतर कोंबड्यांपासून दूर, पडवीत डालग्याखाली ठेवले. पोराबाळांना तिकडे बंदी. स्वतः नाकाला फडके बांधायची, उठताना साबणाने हात धुवायची. मधल्या वेळात चोचीच्या कडेला पाण्याचे थेंब, ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज.

मी म्हटले, “आत्या, बाजारात दुसरी मिळेल की!”

“मला दुसरी मिळंल रे. हिला दुसरं कोण हाय?”

तांबडी वाचली. मान वाकडीच राहिली. दाणा टिपताना चोच दोनदा चुकते, तिसऱ्यांदा लागते. तोवर आत्या बाकीच्या कोंबड्यांना हुसकत उभी असते.