चिल्लईच्या भरवशावर

गुलमर्गला स्कीइंगला कधी जायचं, हे आमच्या पिढीला चिल्लई कलान सांगायची. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस काश्मिरातली सगळ्यांत कडक थंडी, मग वीस दिवसांची चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवसांची चिल्लई बच्चा. चाळीस दिवसांत थरावर थर बसले की रजा टाकायची फेब्रुवारीत, हे पुण्यात बसून आम्हाला पाठ होतं.

आता बर्फ आणणारा पश्चिमी विक्षोभ भूमध्य समुद्राकडून निघाला की फोनवर दिसतो. गुलमर्गच्या अफरवट शिखरावर किती बर्फ पडेल याचा अंदाज आणि मागच्या हिवाळ्यांचे आकडे शेजारी शेजारी.

तेव्हा आकड्यांच्या जागी माणसं होती. डिसेंबरात गुलमर्गच्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला पत्र जायचं. बर्फ कधी पडला? कुंपण बुडालं का? उत्तरात वर ‘शीन मुबारक’, म्हणजे बर्फाच्या शुभेच्छा, मग घरच्यांची चौकशी, मग बर्फ. गेल्या सालचं पत्र काढून यंदाच्या पत्राशेजारी ठेवायचं, दोन्ही मोठ्यानं वाचायची, वाद घालायचा आणि तारीख ठरवायची. त्या संध्याकाळींची हुरहूर आता कुठे सापडत नाही.

बाकी हाल खरे होते. झेलम एक्सप्रेसनं जम्मूला उतरावं आणि पुढचा महामार्ग बंद निघावा. कित्येकांच्या रजा तिथेच संपल्या. १९९८पर्यंत गंडोला रोपवे नव्हता, अफरवटवर जायचं तर स्की खांद्यावर. कडा कधी सुटेल हे सांगणारं कुणी नसे. आज हिमस्खलनाचा इशारा मिळतो, त्यानं जीव वाचतात. त्यापुढे आमची पत्रं काहीच नाहीत.

पण ज्या हिवाळ्यावर आमचा हिशेब उभा होता, तोच हलला आहे. जानेवारी २०२४मध्ये ऐन चिल्लई कलानात गुलमर्गचं कुरण उघडं होतं. बर्फ आला तो महिना सरताना. २०२५मध्ये खेलो इंडियाच्या गुलमर्गमधल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर गेल्या. आजची मुलं म्हणूनच आधी तारीख धरत नाहीत, अंदाज पाहून चार दिवस आधी विमानाचं तिकीट काढतात. शहाणपणाचंच आहे ते.

त्यांच्या फोनवर एक गोष्ट मात्र येत नाही, ती आम्हाला पत्रांतून कळली होती. चिल्लई कलानातला बर्फ गोठून राहतो आणि उन्हाळ्यात ओढ्यांना, सफरचंदाच्या बागांना पाणी पुरवतो. मार्चमध्ये पडलेला फार टिकत नाही. कोरडा जानेवारी आमची सहल बुडवायचा, पण पत्र लिहिणाऱ्याला काळजी असायची ती जूनमधल्या पाण्याची.