जुनी सीबीझेड

नवी गाडी म्हणजे हप्ते, आणि हप्ते म्हणजे व्याज. अब्बांनी सुदाला घरात कधी थारा दिला नाही. म्हणून मी बीबीत जुनी सीबीझेड रोख घेतली. १९९९ साली ही १५६ सीसीची गाडी बाजारात आली, तेव्हा तरुण पोरं तिच्यासाठी झुरत. आज तिला कोणी विचारत नाही, म्हणूनच ती मास्तराला परवडली. तिची किंमत आणखी काय उतरणार? पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, सुटे भाग शोधत फिरावे लागते, हे खरे. पण समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच; मेहकरच्या जुन्या रस्त्याला तिचा वेग पुरतो. वर्गातली मुलं म्हणतात, ‘सर, खटारा है!’ म्हणोत. पगार झाला की त्यातला एक रुपयाही सावकाराचा नसतो.